गळती आधी मोजा, मग उपकरण निवडा

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढून टाकल्यावर रुग्णाला घरी सोडताना कॅन्सरबद्दल पुष्कळ सांगितले जाते, लघवीबद्दल थोडके. लघवीची नळी काढल्यावर काही दिवस गळेल, पॅड वापरा, व्यायाम करा, हळूहळू थांबेल. बहुतेकांचे खरोखरच थांबते. ज्यांचे थांबत नाही ते सहसा गप्प बसतात. जीव वाचला, आता एवढ्यासाठी डॉक्टरांना काय त्रास द्यायचा, असे त्यांना वाटते. मग लग्नकार्याला जाणे कमी होते, देवळात जायला मन धजत नाही, एसटीचा लांबचा प्रवास टाळला जातो आणि बाहेर पडायचे असले की सकाळपासून पाणी पिणे बंद होते. माझे म्हणणे असे की हे निमूट सोसण्याचे कारण नाही. वर्ष उलटूनही गळत असेल तर शरीरात बसवता येणारी आणि अनेक दशके वापरात असलेली उपकरणे आहेत. ती घ्यावीत की नाही, आणि घेतली तर कोणते, याचा निर्णय मात्र यंत्राच्या भीतीवर किंवा कुणाच्या तरी अनुभवावर सोडू नये. गळती कोणत्या प्रकारची आहे, किती आहे आणि मूत्रमार्गाची अवस्था काय आहे, या तीन गोष्टी तपासून तो घ्यावा.

आधी प्रकार पाहू, कारण इथे चूक झाली तर पुढचे सगळे चुकते. खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना, बादली उचलताना लघवी निसटते आणि आडवे पडल्यावर रात्रभर बऱ्यापैकी कोरडे राहता येते, ही एक तऱ्हा. मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, कमजोर पडल्याची ती खूण. पुरुषांना लघवी रोखायला दोन आधार असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप काम करणारा. दुसरा प्रोस्टेटच्या खाली, आपल्या ताब्यातला. ग्रंथी काढताना पहिला आधार बहुतांशी जातो आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. तो पुरेसा सावरला नाही तर गळती राहते. रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेतही हे टळतेच असे नाही. प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडल्यावर किंवा कमरेच्या हाडाच्या अपघातानंतरही असे होऊ शकते, पण फार कमी जणांना. दुसरी तऱ्हा अशी की लघवीची भावना एकदम, जोरात येते आणि शौचालयापर्यंत पोचायच्या आत कपड्यात होते. हा दोष मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाचा. त्याला औषधे आहेत, सवयी बदलण्याचे उपाय आहेत. स्फिंक्टरसाठी केलेले उपकरण त्यावर चालत नाही. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. मूत्राशय नीट रिकामेच होत नाही, ते तुडुंब भरते आणि वरच्या वर ठिबकत राहते. वाढलेली प्रोस्टेट, मूत्रमार्ग चिंचोळा होणे, वर्षानुवर्षांचा मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. अशा माणसाचा मूत्रमार्ग आणखी आवळला तर मूत्रपिंडांवर ताण येईल. लघवी करून उठल्यावर चड्डीत पडणारे चार थेंब या तिन्हींत बसत नाहीत. वृषणकोशाच्या मागच्या भागावर बोटांनी दाब देत मूत्रमार्ग पुढच्या बाजूला रिता केला की ते थांबतात, शस्त्रक्रिया लागत नाही.

आता माप. 'जरा गळते' आणि 'खूप गळते' यावरून सर्जनला काही ठरवता येत नाही. किती पॅड लागतात यावरूनही नाही, कारण एकजण पॅड जरा ओलसर होताच बदलतो, तर दुसरा जड होऊन लोंबेपर्यंत तसाच ठेवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा या कामाला पुरतो. कोऱ्या पॅडचे वजन लिहून ठेवा. चोवीस तासांत वापरलेला प्रत्येक पॅड काढल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, दिवसाअखेर सगळ्यांचे एकत्र वजन करा आणि त्यातून तेवढ्याच कोऱ्या पॅडचे व पिशव्यांचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर लघवी. असे सलग तीन दिवस करा आणि त्यात एक दिवस तरी नेहमीसारखे चालणे-फिरणे, कामधाम असू द्या. घरात पडून राहून काढलेले माप खोटे ठरते. सर्वसाधारणपणे दिवसाला 200 ग्रॅमच्या आतली गळती सौम्य, 200 ते 400 मध्यम आणि 400 च्या वर तीव्र समजतात. या सीमा दगडावरच्या रेघा नाहीत, पण पुढचे बोलणे याच आकड्यावरून सुरू होते. सोबत दोन-तीन दिवस प्यायलेल्या पाण्याची, चहाची आणि लघवीच्या वेळांची नोंद ठेवली तर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

लगेच शस्त्रक्रियेकडे धावायचे का? नाही. नळी निघाल्यावर ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम सुरू करावा, तोही जमल्यास या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून. योगातला मूलबंध करणाऱ्यांना ही जागा ओळखीची असते. बाकीचे बरेचजण पोट किंवा नितंब आवळत बसतात आणि व्यायामाने काही होत नाही म्हणून तो सोडून देतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, नंतर तिचा वेग मंदावतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, व्यायाम करूनही सुधारणा थांबली असेल आणि गळती त्रासदायक असेल तर सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. वर्ष झाल्यावरही त्रास असेल तर डॉक्टरांनी तो पर्याय रुग्णापुढे ठेवलाच पाहिजे. म्हणून 'अजून थोडे थांबू, आपोआप होईल' हे उत्तर पहिल्या वर्षात शहाणपणाचे आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला आधार उरत नाही. 'वय झाले, चालायचेच' हेही तसेच. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत जो माणूस कोरडा होता, त्याची गळती वयामुळे आलेली नाही.

उपकरणे मुख्यतः दोन. पहिले कृत्रिम स्फिंक्टर. मूत्रमार्गाभोवती फुगणारी कडी बसवून लघवी रोखण्याची कल्पना, ज्यांच्या नावाची नळी आज प्रत्येक रुग्णालयात वापरतात त्या फ्रेडरिक फोली यांनी 1947 मध्येच मांडली होती. ती पूर्णपणे शरीराच्या आत बसवण्याचे काम ह्यूस्टनमध्ये ब्रँटली स्कॉट यांनी 1972 मध्ये केले. त्यातून घडत गेलेले एएमएस 800 हे मॉडेल 1980 च्या दशकापासून जगभर वापरले जाते. त्याचे तीन भाग असतात आणि तिघांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांत खारे पाणी असते. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसा, पण अगदी लहान पट्टा मूत्रमार्गाभोवती असतो. दाब राखणारा फुगा ओटीपोटात. आणि पंप वृषणकोशात, कातडीखाली. एरवी पट्टा भरलेला राहतो आणि मूत्रमार्ग मिटलेला. लघवीला जायचे तेव्हा पंप बोटांत धरून काही वेळा दाबायचा. पट्ट्यातले पाणी फुग्यात जाते, मार्ग मोकळा होतो, लघवी होते. दीड ते तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. बाहेर काही दिसत नाही, बॅटरी नाही. सार्वजनिक मुतारीत शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही. या तिन्ही भागांत जास्त जपायचा तो पट्टा. तो ढिला असेल तर गळेल, जास्त घट्ट असेल तर मूत्रमार्गाचा रक्तपुरवठा कमी होऊन कालांतराने आतली भिंत झिजेल. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रमार्गाचा घेर मोजून पट्टा निवडतात आणि फुग्याचा दाबही बेताचा ठेवतात, बहुधा 61 ते 70 सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका.

दुसरे उपकरण म्हणजे पट्टी, स्लिंग. विणलेल्या जाळीची ही पट्टी वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेतून आत घालून मूत्रमार्गाच्या खाली ठेवतात आणि तिची दोन टोके जांघेच्या बाजूने बाहेर ओढून मूत्रमार्गाचा जाड भाग थोडा मागे-वर नेतात. त्यामुळे उरलेल्या स्फिंक्टरला काम करायला बरी जागा मिळते. काही दाबावे लागत नाही, काही चालवावे लागत नाही. 'उरलेल्या स्फिंक्टरला' हे शब्द मात्र लक्षात ठेवावेत. पट्टी स्वतः लघवी अडवत नाही, शिल्लक ताकदीला मदत करते. ताकदच उरली नसेल तर ती कशाला मदत करणार? म्हणून शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीतून आत पाहतात, रुग्णाला आवळायला सांगतात, खालून बोटाने दाब देऊन मूत्रमार्ग नीट मिटतो का ते तपासतात. ही तपासणी न करता कुणी पट्टी सुचवत असेल तर ती का केली नाही, असे जरूर विचारावे.

निवडीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. दोन्ही पर्याय समोर ठेवले की पुष्कळ पुरुषांचा कल पट्टीकडे झुकतो. शरीरात यंत्र नको, पंप दाबायची कटकट नको. ही भावना समजण्यासारखी आहे, आणि सौम्य ते मध्यम गळती, किरणोपचार झालेले नाहीत, स्फिंक्टर आवळता येतो, रात्री कोरडे राहता येते, अशा माणसासाठी पट्टी चांगलाच पर्याय आहे. ब्रिटनमध्ये 380 पुरुषांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मास्टर या अभ्यासात चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांना पट्टी आणि निम्म्यांना कृत्रिम स्फिंक्टर दिले होते. वर्षभरानंतर गळतीच्या बाबतीत पट्टी स्फिंक्टरच्या तुलनेत कमी पडली नाही. तिच्या गटात गंभीर गुंतागुंतही कमी होती. मात्र इतर बाबींमध्ये जिथे स्पष्ट फरक दिसला तिथे कौल स्फिंक्टरच्या बाजूने होता. यावरून पट्टी सर्वांनाच चालते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दिवसाला 400 ग्रॅमच्या वर गळणाऱ्या, किंवा किरणोपचारांनी मूत्रमार्गाची लवचीकता गमावलेल्या माणसाला यंत्राचा कंटाळा म्हणून पट्टी बसवली, तर शस्त्रक्रिया होते आणि पॅड तसेच राहतात. मग दुसरी शस्त्रक्रिया करून स्फिंक्टर बसवावेच लागते. मार्गदर्शक सूचनाही तीव्र गळतीत आणि किरणोपचारांनंतर स्फिंक्टरकडेच बोट दाखवतात. याउलट हाताच्या बोटांत जोर नसेल, पार्किन्सनचा कंप असेल, विस्मरण होत असेल, तर पंप चालवणे जमणार नाही आणि उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरेल. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी पंप शिकवता येईल का, हे आधी बोलून घ्यावे. सर्जनने नमुन्याचा पंप हातात दिला तर तो तिथेच दाबून पाहावा.

मास्टर अभ्यासातला आणखी एक आकडा प्रत्येक रुग्णाने शस्त्रक्रियेआधी वाचावा असा आहे. थेंबभर गळले तरी गळती मोजायची, असा कडक निकष लावल्यावर वर्षाच्या शेवटी पट्टीच्या गटातले 87 टक्के आणि स्फिंक्टरच्या गटातले 84 टक्के पुरुष अजूनही गळत होते. तरीही दोन्ही गटांत समाधान भरपूर होते. दिवसाला पाच पॅडवरून एका पातळ पॅडवर येणे, तोही बऱ्याचदा फक्त खबरदारीसाठी, हा आयुष्यात पडणारा फार मोठा फरक आहे. पण 'एक थेंबही पडणार नाही' अशी खात्री कुणी देत असेल तर ती स्वीकारू नये. जड उचलताना, दिवसाच्या अखेरीस थकल्यावर थोडे निसटू शकते. हे माहीत असलेला रुग्ण समाधानी राहतो. माहीत नसलेला तेवढीच सुधारणा होऊनही फसवले गेल्यासारखा वागतो. चूक त्याची नसते.

सर्वांत रास्त आक्षेप यंत्राच्या आयुष्याबद्दल आहे. कृत्रिम स्फिंक्टर कायमचे नसते. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतला अंदाज सांगतो की पाच वर्षांत सुमारे 24 टक्के आणि दहा वर्षांत सुमारे 50 टक्के उपकरणे काम देईनाशी होतात. मग पुन्हा कापाकापी करायचीच असेल तर आधीच कशाला? याचे उत्तर बिघाडाच्या जातीत आहे. नळीतून पाणी झिरपले किंवा पंप बंद पडला तर अचानक पूर्वीसारखे गळू लागते; तो भाग किंवा पूर्ण उपकरण बदलता येते आणि बदललेले पुन्हा चांगले चालते. पट्ट्याखालचा मूत्रमार्ग बारीक होत गेला तर गळती हळूहळू वाढते. लहान पट्टा घालून किंवा जागा बदलून सहसा भागते. खरी भीती जंतुसंसर्गाची आणि पट्टा मूत्रमार्गात घुसण्याची. त्यात सगळे उपकरण काढावे लागते आणि काही महिने थांबूनच दुसरे बसवता येते. किरणोपचार झालेल्यांत हा धोका जास्त. तेव्हा पंचाहत्तरीतल्या माणसाने पुढच्या दहा वर्षांतली कोरडी वर्षे आणि कदाचित एक जादा शस्त्रक्रिया यांचा हिशेब मांडावा. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत तो उपकरणाच्या बाजूने येतो. पण ज्याला भूल देणेच जोखमीचे आहे, त्याला पॅड, कंडोमसारखी बाहेरून लावायची पिशवी किंवा दिवसा ठरावीक वेळच वापरायचा लिंगावरचा चिमटा यांनीही प्रतिष्ठेने राहता येते. त्याच्यावर शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये.

दुसरा आक्षेप जाळीबद्दलचा. स्त्रियांमध्ये योनिमार्गातून बसवलेल्या जाळ्यांमुळे अनेक देशांत फार दुःख झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. त्या बातम्या वाचलेल्या माणसाला पट्टीची धास्ती वाटली तर ती निराधार म्हणता येणार नाही. मात्र पुरुषांत ही पट्टी वेगळ्या जागी, मूत्रमार्गाच्या बाहेरच्या जाड आवरणाखाली बसते आणि योनीच्या पातळ भिंतीसारखी नाजूक कातडी तिच्यावर नसते. जांघेत किंवा बैठकीच्या जागी काही काळ दुखणे, काहींना लघवी तात्पुरती अडणे, हे प्रकार होतात. जाळी आत घुसणे विरळ, पण शून्य नाही. ती एकदा रुजली की सहज काढता येत नाही, हेही सही करण्याआधी कळलेले असावे.

खर्चाचे काय? उपकरण महाग आहे आणि बहुतेक वेळा परदेशातून आलेले असते. म्हणून तारीख ठरण्याआधी रुग्णालयाकडून उपकरणाचे नाव, मॉडेल आणि किंमत यांचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे. विमा कंपनीकडून 'इम्प्लांट'ची रक्कम मंजूर असल्याचे लेखी मिळवावे. तोंडी होकारावर जाऊ नये. सरकारी योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर शस्त्रक्रियेच्या नावासह विचारावे. दर महिन्याचे पॅड, औषधे, मलमे यांचा वर्षाचा हिशेब शेजारी लिहिला की तुलना स्पष्ट होते. आणि हे काम वर्षातून एखाद्या वेळी करणाऱ्या सर्जनपेक्षा नेहमी करणाऱ्याकडे जावे, त्यासाठी पुणे-मुंबईला जावे लागले तरी. पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण सर्जनच्या अनुभवाबरोबर घटते. आतापर्यंत किती बसवली, किती काढावी लागली, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तयारीत रुग्णाच्या हातातल्या गोष्टीही आहेत. सतत ओलसर राहिल्याने जांघेत गजकर्ण झालेले असते. ते पूर्ण बरे केल्याशिवाय टेबलावर जाऊ नये, कारण जंतूंना उपकरणापर्यंतची वाट तिथूनच मिळते. साखर आटोक्यात आणावी, तंबाखू सोडावी, लघवीत जंतू नाहीत याची तपासणी करावी. मूत्राशयाच्या तोंडाशी व्रणामुळे आकसलेपण असेल तर ते आधी मोकळे करून काही काळ स्थिर राहते का, हे पाहतात. कॅन्सर पुन्हा डोके वर काढत असल्याची शंका पीएसए या रक्ततपासणीच्या आकड्यावरून असेल आणि किरणोपचार होणार असतील, तर सर्जन आणि किरणोपचार देणारे डॉक्टर यांनी मिळून क्रम ठरवावा. शस्त्रक्रियेनंतर स्फिंक्टर लगेच सुरू करत नाहीत. जखम भरेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, पट्टा रिकामा ठेवतात. त्या काळात पहिल्यासारखेच गळते. शस्त्रक्रिया फुकट गेली असे समजून हवालदिल होऊ नये. पट्टी बसवली असेल तर ती रुजेपर्यंत, सहसा सहा आठवडे, उकिडवे बसणे, पाय फाकवून चढणे, वजन उचलणे टाळायला सांगतात. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. दुचाकी आणि सायकल कधीपासून चालवायची, हे सर्जनला विचारूनच. नंतर पंपावरची कातडी लाल किंवा पातळ झाली, वृषणकोश सुजला, लघवीत रक्त दिसले, लघवी करताना दुखू लागले किंवा गळती एकाएकी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

एक खबरदारी मात्र कायमची. स्फिंक्टर बसवलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, अपघात झाला किंवा दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी दाखल केले, तर तिथली नर्स सवयीने लघवीची नळी घालायला येते. पट्टा भरलेला असताना नळी ढकलली तर मूत्रमार्गाला इजा होते आणि महिनोन्‌महिन्यांची कमाई एका मिनिटात जाते. पंपावरचे बंद करण्याचे बटण वापरून आधी पट्टा रिकामा ठेवायचा, मग बारीक नळी घालायची आणि ती लवकरात लवकर काढायची. जास्त दिवस नळी लागणार असेल तर ओटीपोटातून, सोनोग्राफी करून, तिथला फुगा टाळून घालायची. उपकरणाबरोबर मिळणारे कार्ड पाकिटात, गळ्यात किंवा मनगटावर त्याची सूचना आणि कार्डाचा फोटो पत्नीच्या व मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. पंप बंद कसा करायचा, हे घरातल्या एकाने तरी सर्जनसमोर प्रत्यक्ष करून शिकून घ्यावे.